म्हातारपणीचे दुखणे : सांधा, वजन आणि मन

अमडापूरच्या टेकडीवर बल्लाळदेवीचे मंदिर आहे. गुडघेदुखीची तक्रार घेऊन दवाखान्यात येणाऱ्या वयस्क माणसांना मी हटकून एक प्रश्न विचारतो, "देवीच्या दर्शनाला टेकडीवर शेवटचे कधी गेला होता?" कोणी सांगते, "यंदाच्या नवरात्रात." कोणी सांगते, "दोन वर्षे झाली असतील." क्ष-किरण फोटोत जे दिसत नाही ते या उत्तरातून पुष्कळदा कळते. मात्र हा प्रश्न विचारण्याची अक्कल मला एका आजींमुळे आली. ती हकीकत आधी सांगतो. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

या आजी जवळच्याच एका खेड्यातल्या. वय 68, उंची पाच फूट, वजन 74 किलो. दोन्ही गुडघे दुखतात ही तक्रार. फोटो काढला, सांध्यांची झीज दिसली. मी वेदनाशामक गोळ्या दिल्या, गरम पाण्याने शेकायला सांगितले आणि दर भेटीत बजावत राहिलो, "आजी, वजन कमी करा." त्या मान डोलवायच्या. पुढच्या महिन्यात काटा 75 दाखवायचा. दीड वर्ष हाच प्रकार चालला. गोळ्या बदलल्या, दुखणे तसेच राहिले.

एकदा त्यांची सून सोबत आली. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आत्याबाई दिवसभर खाटेवर पडून असतात. रात्री टक्क जाग्या. पहिले भजनाला जायच्या, आता बाया बोलवायला आल्या तरी उठत नाहीत." मग मी प्रथमच खुर्ची पुढे ओढून आजींना नीट विचारले. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान वारले होते. "ते गेल्यापासून काहीच गोड लागत नाई, बापा. गुडघे तं तवाही दुखत, पण काम चालत होतं," असे त्या म्हणाल्या.

माझ्या केसपेपरवर आजींचे वजन होते, रक्तदाब होता, फोटोचा निष्कर्ष होता. यजमान गेल्याची नोंद नव्हती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता. गुडघ्याची झीज खरी होती, वजनही खरे होते. पण या दोघांच्या जोडीला तिसरे दुखणे होते आणि दीड वर्ष मी त्याची विचारपूसच केली नव्हती.

दुखणे म्हणजे नेमके काय?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. आपल्याकडे हे दुखणे किती घरांत आहे याचा अंदाज पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावावरून येतो. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या मार्गदर्शनाखाली 1996 साली तेथे सांधेदुखीची घरोघर पाहणी सुरू झाली. 4,092 प्रौढांना विचारले तेव्हा सुमारे 18 टक्के लोकांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले. म्हणजे जवळजवळ प्रत्येक पाच-सहा माणसांमागे एक.

पूर्वी अशी समजूत होती की जितकी इजा तितके दुखणे. मग एकाच्या फोटोत सांधा पार झिजलेला असून तो शेतात कसा जातो, आणि दुसऱ्याची झीज थोडी असून तो कण्हत कसा असतो? 1965 साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडले की पाठीच्या मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. सांध्याकडून येणारी वेदनेची वर्दी त्या फाटकातून मेंदूकडे जाते. फाटक किती उघडे राहायचे यावर मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही ताबा असतो. पुढील संशोधनाने या मांडणीत भर घातली, सुधारणा केल्या, पण गाभा टिकून आहे. वेदनेच्या अभ्यासकांच्या जागतिक संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली. शरीराला जाणवणारा आणि भावनेलाही जाणवणारा असा तो अप्रिय अनुभव आहे, असे त्या व्याख्येत म्हटले आहे. तेव्हा "तुझे दुखणे मनाचे आहे" असे म्हणून कोणाला हिणवणे अशास्त्रीय आहे. प्रत्येक दुखणे शरीराचेही असते आणि मनाचेही.

वजनाचा भार

वजनाचा पहिला परिणाम सरळ आहे. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट दाब येतो, जिना किंवा टेकडी चढताना तो आणखी वाढतो. अमेरिकेत स्थूल व गुडघ्याची झीज झालेल्या वयस्कांचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. शरीराचे वजन एक किलोने घटले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो, असे त्यात आढळले. पाच किलो वजन उतरले तर दर पावलाला 20 किलोची सुटका. दिवसभरात आपण हजारो पावले टाकतो, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

पण चरबी म्हणजे नुसते ओझे नव्हे. स्थूल माणसांना हाताच्या बोटांच्या सांध्यांची झीजही अधिक प्रमाणात होते. आता हाताच्या बोटांवर काही शरीराचे वजन पडत नाही. मग असे का? कारण चरबीच्या पेशी, विशेषतः पोटातल्या, रक्तात काही द्रव्ये सोडत असतात. त्यांच्यामुळे शरीरात सूज आणणारी प्रक्रिया मंद आचेवर चालू राहते. ही प्रक्रिया सांध्यांना त्रास देते आणि वेदनेच्या नसांना अधिक हळवे करते. नैराश्याच्या काही रुग्णांच्या रक्तातही या सुजेच्या खुणा वाढलेल्या सापडतात. वजन, वेदना आणि मन यांची गाठ इथे आतल्या आत पडलेली दिसते.

मनाचा भार

मेंदूतून मज्जारज्जूकडे येणारे संदेश दुखण्याला लगाम घालण्याचेही काम करतात. त्यासाठी सिरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही रसायने लागतात. मनाची उभारी, झोप आणि भूक यांच्याशीही हीच रसायने निगडित आहेत. नैराश्यात ही व्यवस्था बिघडली की लगाम सैल होतो आणि तेच दुखणे दुपटीने जाणवू लागते. नैराश्यावरची काही औषधे जुनाट वेदनेवरही दिली जातात, त्यामागे हेच कारण आहे.

उलट दिशेनेही हेच घडते. रोज दुखते, म्हणून बाहेर जाणे बंद. बाहेर जाणे बंद, म्हणून माणसे तुटतात. झोप मोडते. आपण घरावर भार झालो आहोत असे वाटू लागते. दुखण्यातून नैराश्य येते आणि नैराश्यातून दुखणे वाढते.

म्हाताऱ्या माणसांत नैराश्य ओळखणे अवघड असते. "मी दुःखी आहे" असे ती सहसा म्हणत नाहीत. अंग दुखते, डोके जड होते, झोप लागत नाही, चव नाही, अशा तक्रारी करतात, किंवा चिडचिड करू लागतात. घरचे म्हणतात, वय झाले, चालायचेच. देशातील 45 वर्षांवरील 72 हजारांहून अधिक लोकांची एक मोठी पाहणी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये केली. तिचा अहवाल 2021 साली प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या लोकांना ठरावीक प्रश्न विचारले तेव्हा 8.3 टक्के लोकांत नैराश्याची ठळक लक्षणे दिसली. पण डॉक्टरांनी तसे निदान केल्याचे सांगणारे होते अवघे 0.8 टक्के. म्हणजे दहांतल्या नऊ जणांचे नैराश्य कोणी ओळखलेच नव्हते. माझ्या आजी त्या नवांपैकीच एक होत्या.

वजन घटले तरी काळजी

आतापर्यंत वाचून कोणाला वाटेल की हा आजार लठ्ठ माणसांचा आहे. तसे नाही. आणखी एका रुग्णाचे उदाहरण देतो. पंचाहत्तरीतले एक आजोबा कंबरदुखीसाठी आले. पत्नीच्या निधनानंतर एकटे राहत होते. दोन्ही मुले कामासाठी पुण्याकडे. सकाळी एकदा भाकरी टाकायची आणि तीच संध्याकाळी पाण्यासोबत खायची, असा त्यांचा क्रम. वर्षभरात वजन 52 वरून 45 किलोवर आले होते. त्यांनाही नैराश्यच होते, पण ते अंगावर दिसले उलट्या रीतीने.

नैराश्यात काही जण पडून राहतात, चहा-बिस्किटांवर मन रमवतात आणि त्यांचे वजन वाढते. काहींची भूक मरते आणि वजन उतरते. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. स्नायू हे सांध्यांचे आणि कण्याचे आधारखांब आहेत. ते खचले की दुखणे वाढते, तोल जातो, पडून हाड मोडण्याची भीती वाढते. वर उल्लेखिलेल्या पाहणीत साठीपुढच्या सुमारे चौथ्या हिश्श्याचे वजन असायला हवे त्यापेक्षा कमी आढळले. म्हणून आपल्या भागात प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला "वजन कमी करा" हा एकच मंत्र देणे चुकीचे आहे.

ढोबळ माप असे : पाच फूट उंचीच्या माणसाचे वजन 58 किलोच्या वर गेले तर भारतीय निकषाने ते स्थूलतेत मोडते आणि 43 किलोच्या खाली गेले तर ते कमी समजावे. सत्तरीपुढे एक-दोन किलो जास्त असले तर फार चिंता नको. मात्र काही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले तर तपासणी केलीच पाहिजे. नैराश्याखेरीज क्षयरोग, मधुमेह, थायरॉइडचा विकार, कर्करोग अशी कारणेही त्यामागे असू शकतात. आजोबांच्याही या तपासण्या मी आधी करून घेतल्या.

मनावर उपचार केला तर सांधा कमी दुखतो का?

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता. उत्तर मिळते ते 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात. त्यात नैराश्य असलेले 1,801 वयस्क रुग्ण होते. त्यांपैकी 1,001 जणांना सांधेदुखीही होती. निम्म्या रुग्णांच्या नैराश्यावर पद्धतशीर उपचार केले, औषध किंवा समुपदेशन, आणि वेळोवेळी विचारपूस. वर्षभरानंतर या सांधेदुखीच्या रुग्णांचे नैराश्य तर उतरलेच, शिवाय त्यांचे दुखणेही नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी झाले आणि रोजची कामे अधिक जमू लागली. सांध्यांवर वेगळा इलाज केलेला नव्हता.

कोणी म्हणेल, अमेरिकेतले इथे काय कामाचे? तर मग गोव्याचे उदाहरण घ्या. तेथे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनाने खचू लागलेल्या, पण अजून पूर्ण नैराश्यात न गेलेल्या साठीपुढच्या 181 लोकांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी अडचणी एकेक करून कशा सोडवाव्यात हे शिकवले, झोपेच्या सवयी सुधारल्या, मधुमेहासारख्या आजारांत स्वतःची काळजी कशी घ्यावी ते सांगितले, सरकारी योजनांचा लाभ मिळवून द्यायला मदत केली. वर्षभरात या गटातील सुमारे चार टक्के लोकांना नैराश्य जडले, इतरांत हेच प्रमाण 14 टक्के होते.

आणि आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा उपक्रम 30 खेड्यांत चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी मनाच्या आजाराबद्दल बोलायला सुरुवात केली. नैराश्य असूनही मदत घेणारे तेथे 2013 च्या पाहणीत 4.3 टक्के होते, ते 2015 च्या पाहणीत 27.2 टक्के झाले. वऱ्हाडातला माणूस मनाचे बोलत नाही असे नाही. त्याला कोणी विचारावे लागते.

घरी काय करता येईल?

पहिली गोष्ट, दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश होते का? पूर्वी ज्यात गोडी वाटायची त्यात आता गोडी वाटेनाशी झाली आहे का? एकाचेही उत्तर "हो" आले तर डॉक्टरांना दुखण्याबरोबर हेही सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा.

दुसरी गोष्ट, हालचाल. खुर्चीवर ताठ बसून एक पाय समोर सरळ करा, मांडी आवळून पाच अंक मोजेपर्यंत धरा, खाली ठेवा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा. यामुळे गुडघ्याचा आधार असलेला मांडीचा स्नायू बळकट होतो. जोडीला सपाट जागेवर चालणे, सुरुवातीला पाच मिनिटेही पुरे. शक्य तर कोणासोबत चालावे. चालण्याने सांधा मोकळा होतो, आणि सोबतीने मन.

तिसरी गोष्ट, ताट. वजन जास्त असेल तर उपास करू नयेत. साखरेचा चहा, बिस्किटे, शेव-फरसाण, तळण कमी करावे, ज्वारीची भाकरी, भाजी, वरण ठेवावे. पहिले ध्येय पाच टक्क्यांचे पुरे, म्हणजे 74 किलोच्या माणसाला जेमतेम चार किलो, तेही सहा महिन्यांत. वजन कमी असेल तर उलट तूर-मुगाचे वरण, शेंगदाणे, दूध-दही, चालत असेल तर अंडी, असे दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच आहार बदलावा. एकट्या माणसाला ताट वाढून देण्यापेक्षा त्याच्याबरोबर जेवायला बसणे अधिक उपयोगी पडते.

चौथी गोष्ट, औषधे. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ नयेत. म्हातारपणी त्यांनी जठरातून रक्तस्राव होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे खराब होतात. "एका दिवसात आराम" देणाऱ्या अनोळखी पुड्यांपासून तर दूरच राहावे. काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने दोन दिवस बरे वाटते, पुढे वजन आणि साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि मनही बिघडते. नैराश्याची औषधे सवय लावतात ही भीती निराधार आहे, मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावीत आणि त्यांच्याच सल्ल्याने थांबवावीत. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी अधिक काळ लागतो.

दुखण्याबरोबर ताप, पायात बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, किंवा पडल्यानंतर उभे राहता न येणे यांपैकी काही असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तसेच म्हातारे माणूस "आता जगून काय करायचे" असे वारंवार म्हणू लागले तर ते बोलणे उडवून लावू नये. त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवावेत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते, मराठीतही. मानसोपचाराची सेवा जिल्हा रुग्णालयांतूनही दिली जाते. बुलढाण्याला तिची चौकशी करावी.

आता आजींचे काय झाले ते सांगतो. नैराश्याचे औषध सुरू केले, वेदनाशामक गोळ्या कमी केल्या. सुनेने चहाची साखर निम्म्यावर आणली आणि संध्याकाळी नातवाला सोबत देऊन त्यांना चालायला पाठवू लागली. पहिले दोन महिने फारसा फरक दिसला नाही. तिसऱ्या महिन्यात त्या स्वतःहून भजनाला गेल्या. आठ महिन्यांत वजन 74 वरून 69 वर आले. गुडघ्याचा फोटो आज काढला तर झीज तितकीच दिसेल, ती भरून येत नाही. गुडघे अजूनही दुखतात. गेल्या नवरात्रात मात्र त्या तीन ठिकाणी बसत बसत टेकडी चढून देवीला जाऊन आल्या.

आजोबांच्या शेजारणीने त्यांना रोज दुपारी आपल्या घरी जेवायला बोलावणे सुरू केले. त्यांचे वजन आता 48 आहे. कंबर दुखते का, असे विचारले की म्हणतात, "दुखते, पण आता तेवढे ध्यानात राहत नाई."

आपल्या घरी कोणी वयस्क माणूस वर्षानुवर्षे दुखण्याची तक्रार करीत असेल तर आज संध्याकाळी त्याच्याजवळ दहा मिनिटे बसावे आणि वरचे दोन प्रश्न विचारावेत. तेल-मालिश त्यानंतर करता येईल.